पांढऱ्या कुरळ्या कुत्र्याचा गोव्यातला पावसाळा

पूडल, बिशॉन फ्रीझ किंवा त्यांच्या मिश्र जातीचं पिल्लू घरी आणताना हमखास सांगितलं जातं, "याचे केस गळत नाहीत, काही त्रास नाही." यातलं पहिलं अर्धवट खरं आहे आणि दुसरं पार चुकीचं. केस या कुत्र्यांचेही सुटतात. फक्त ते लादीवर न पडता शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून राहतात, आणि तिथेच जट धरायला लागते. जिथे पावसाळ्यातले चार महिने हवा ओलीच असते त्या गोव्यात या जटांकडे दुर्लक्ष करणं कुत्र्याच्या अंगावर येतं.

हे केस असे का, याचं बरंचसं उत्तर २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका संशोधनातून मिळालं. ८० जातींच्या हजाराहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासल्यावर दिसलं की केसांचे बहुतेक सगळे प्रकार अवघ्या तीन जनुकांच्या फेरफारांतून होतात. एफजीएफ-५ लांबी ठरवतं, केआरटी-७१ कुरळेपणा, आणि आरएसपीओ-२ मिशा-भुवयांची झुपकेदार ठेवण. बिशॉनमध्ये तिन्ही फेरफार एकत्र आलेले आहेत. शिवाय पूडलसारख्या जातींत केसांचा वाढीचा काळ खूप लांबतो, आपल्या डोक्यावरच्या केसांसारखा. लॅब्राडोरचा केस ठरावीक लांबीला थांबतो आणि गळतो. हे मात्र वाढतच राहतात. त्यामुळे दर सहा-आठ आठवड्यांनी कापणी ही चैन नव्हे, गरज आहे.

आता जट कशी होते ते जवळून पाहू. कानामागचा किंवा बगलेतला केस मऊ आणि बारीक असतो. केसाच्या पृष्ठभागावर टोकाच्या दिशेने झुकलेले सूक्ष्म खवले असतात. पट्टा घासला, पाय हलला, की केस एकमेकांवर सरकतात, खवले एकमेकांत अडकतात आणि मागे फिरत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घुसळून धुतला की आटून घट्ट होतो, तोच हा प्रकार. त्यात पाणी पडलं की केसातल्या केराटिन या प्रथिनाचे हायड्रोजन बंध सैल होतात आणि वाळताना नव्याने जुळतात. म्हणजे गुंता जसा होता तसाच, आणखी आवळून, पक्का होतो.

म्हणून माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा नियम एकच: आधी विंचरणं, मग आंघोळ. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं. पावसातून भिजून आलेल्या कुत्र्याला आधी नळाखाली धरतात आणि गुंता नंतर बघू म्हणतात.

वरवर ब्रश फिरवला तर वरचा कापूस छान फुलतो आणि मुळाशी नमद्यासारखा थर तसाच राहतो. कुत्र्याला कुशीवर निजवावं. डाव्या हाताने केस वर धरून भांगासारखी कातडीची रेघ दिसू द्यावी, त्या रेघेखालचा पातळ थर स्लिकर ब्रशने (बारीक, वाकड्या तारांच्या ब्रशने) विंचरावा, मग बोटभर वर सरकावं. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेला, तरच काम झालं. जट सापडली तर थोडं कॉर्नफ्लोअर चोळून ती बोटांनी टोकाकडून सोडवत यावी. कात्री अजिबात लावू नये. जटेत कातडी ओढली गेलेली असते, ती पात्याखाली कधी येते ते कळतही नाही, आणि कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते.

शॅम्पू कुत्र्यांचाच हवा. आपल्या त्वचेचा पीएच साधारण ५.५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी. कुत्र्याचा बराचसा उदासीन. टी ट्री तेल घरगुती उपाय म्हणून लावणारे भेटतात. ते कुत्र्यांना विषारी ठरू शकतं.

आंघोळीनंतर टॉवेलने खसाखसा पुसू नये, दाबून पाणी टिपावं आणि ड्रायर कोमट ठेवून केस मुळापर्यंत वाळवावेत. पंख्याखाली आपोआप वाळेल, हा हिशेब मे महिन्यात जमतो, जुलैत नाही. केसांखाली ओल राहिली की कातडी मऊ पडते, जिवाणू आणि मॅलासेझिया नावाचं यीस्ट वाढतं, आणि दोन दिवसांत लाल, चिघळलेला चट्टा दिसतो. लोंबत्या कानांतही हेच होतं. कानाला आंबूस वास येऊ लागला तर घरात थेंब घालत बसू नये, पशुवैद्यांना दाखवावं.

गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्यांना तांबड्या मातीचं वेगळं सांगायला नको. तो रंग लोहाच्या ऑक्साइडचा. पाण्यात विरघळत नाही, ओला चोळला तर केसांत आणखी खोल जातो. चिखल वाळू द्यावा, मग झटकून विंचरावा. डोळ्यांखालचे तांबूस डाग मात्र मातीचे नव्हेत. तांबड्या रक्तपेशींच्या विघटनातून तयार होणारी पॉर्फिरिन द्रव्यं अश्रूंतून बाहेर येतात, ती पांढऱ्या केसांवर उठून दिसतात. रोज ओल्या कापसाने पुसून तो भाग कोरडा ठेवावा. डाग एकाएकी वाढले तर डोळ्याची तपासणी करून घ्यावी.

उन्हाळ्यात पार चकोट करून आणण्याची पद्धत मला पटत नाही. पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी उन्हात भाजते. दोन-अडीच सेंटिमीटर केस राहू द्यावेत.

आणि विंचरताना बोटं गोचीड शोधत असावीत: कानाच्या घडीत, पंजांच्या बोटांमध्ये, पट्ट्याखाली. दाट पांढऱ्या केसांत ती फुगेपर्यंत नजरेला पडत नाही. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. रॉकेल ओतू नये, काडीने चटका देऊ नये. पुढच्या तीन आठवड्यांत कुत्र्याला ताप आला, त्याने खाणं सोडलं किंवा हिरड्या फिकट दिसल्या, तर पशुवैद्यांना गोचीड सापडल्याचं आवर्जून सांगावं, म्हणजे रक्ततपासणी गोचिडीतून होणाऱ्या आजारांच्या दिशेने होते.