पोस्टग्रेसमधली बारीकसारीक झाडलोट: पार्श्वभूमी

पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेसच्या कोडमध्ये दरवर्षी असे कितीतरी बदल होतात, की डेटाबेस वापरणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही. कुठे विनावापर पडलेलं व्हेरिएबल काढलेलं असतं, कुठे कॉमेंट दुरुस्त केलेली असते. मला हे पॅच, म्हणजे कोडमधले नेमके बदल, वाचायला मनापासून आवडतात, कारण या कोडचं वय त्यांच्यात दिसतं.

बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांच्या गटाने १९८६ मध्ये पोस्टग्रेसचं काम सुरू केलं, तेव्हा प्लॅनर, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग, लिस्प या भाषेत होता. पुढे सगळं सी भाषेत आणलं, पण लिस्पचं वळण राहिलंच. क्वेरीचे तुकडे ‘लिस्ट’मध्ये ठेवायचे, रिकाम्या लिस्टला ‘निल’ म्हणायचं, लिस्टच्या सुरुवातीला काही जोडायचं तर ‘एलकॉन्स’ वापरायचं. ही नावं आजही कोडमध्ये आहेत.

ही लिस्ट म्हणजे पॉइंटरने, म्हणजे मेमरीतल्या पत्त्यांनी, गुंफलेली माळ होती. लांबी हवी असली किंवा शेवटी भर घालायची असली, की अख्खी माळ मोजत जावं लागे. २००४ मध्ये, आवृत्ती ८.० च्या वेळी, नील कॉनवे यांनी लांबी आणि शेवटचं टोक सुरुवातीलाच नोंदवायची सोय केली. २०१९ मध्ये टॉम लेन यांनी माळच मोडली आणि तिच्या जागी सलग खणांचा अ‍ॅरे आणला. तो आवृत्ती १३ मध्ये लोकांपर्यंत पोचला. लूप (एकेक घटकावर फिरणारा कोड) चालू असताना मधला घटक काढायचा, तर आधी मागचा, आताचा आणि पुढचा असे तीन पॉइंटर सांभाळावे लागत. अ‍ॅरे आल्यावर मागचा आणि पुढचा बाळगायची गरज उरली नाही. एखाद्या फंक्शनमधून दोन व्हेरिएबल गेलेले दिसतात, त्यामागे हा एवढा प्रवास असतो.

‘एलसी’चंही तसंच. लिस्टवर ‘फॉरईच’ने फिरायचं तर आधी एक ‘लिस्टसेल’ (आताच्या घटकाकडे बोट दाखवणारं व्हेरिएबल) जाहीर करावा लागतो आणि सवयीने त्याचं नाव ‘एलसी’ ठेवलं जातं. लूपच्या आतल्या लूपसाठी पुन्हा ‘एलसी’ जाहीर केला, की आतला बाहेरच्याला झाकतो. कंपायलर गप्प बसायचा आणि वाचणारा फसायचा. २०२२ मध्ये डेव्हिड राउली आणि इतरांनी अशा जागा शोधून साफ केल्या, आणि आवृत्ती १६ पासून त्याबद्दलचा कंपायलरचा इशाराच चालू ठेवला. माझ्या मते साफ करण्याहून हे दुसरं काम मोठं.

मग सगळंच एकदम का झाडून काढत नाहीत? प्रत्येक मुख्य आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, म्हणजे एका वेळी कोडच्या पाच शाखा (आवृत्तीगणिक वेगळ्या प्रती) जिवंत असतात. मुख्य शाखेत ओळी हलवल्या, की उद्या सापडणाऱ्या बगचा पॅच जुन्या शाखांवर सरळ बसत नाही. तो पाचही ठिकाणी हाताने बसवायचा. म्हणून साध्या पॅचवरही ‘याने बॅकपॅचला, म्हणजे जुन्या शाखांवर दुरुस्ती नेण्याला, त्रास होईल का?’ हा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे.

आवृत्ती १२ पासून सी ९९ (सी भाषेचं १९९९ चं मानक) वापरता येऊ लागल्याने लूपच्या ओळीतच व्हेरिएबल जाहीर करणं शक्य झालं. त्याच आधारावर आवृत्ती १७ मध्ये ‘लिस्टसेल’ न मागणारे नवे मॅक्रो (लूप लिहायची तयार लघुरूपं) आले. ते मोजक्या ठिकाणी वापरले गेले. बहुतेक जुने लूप, त्यांच्या ‘एलसी’सकट, तसेच राहू दिले आहेत.