श्वासपटलाचा हर्निया: 'वाचली' म्हणजे कितींपैकी?

श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. त्यात जन्मतःच भोक राहिलं की पोटातली आतडी, जठर छातीत चढतात. 'हर्निया' या शब्दाने या आजाराबाबत निम्मी दिशाभूल केली आहे. हर्निया म्हटलं की भोक आणि भोक म्हटलं की टाके. श्वासपटलाच्या मागच्या बाजूच्या या छिद्राचं वर्णन १८४८ मध्ये प्रागमध्ये झालं, पुढे १९४६ मध्ये चोवीस तासही न झालेल्या बाळावरची यशस्वी शस्त्रक्रिया नोंदली गेली आणि मग कित्येक वर्षं एकच घाई: बाळ जन्मलं की थेट ऑपरेशन थिएटर. खरी अडचण छिद्रात नसून न वाढलेल्या फुप्फुसात आणि तिथल्या आवळलेल्या रक्तवाहिन्यांत आहे, हे पचायला ऐंशीचं दशक उजाडलं. आधी बाळ स्थिर करा, टाके नंतर. व्हेंटिलेटरचा दाबही बेताचा ठेवा, अशी रीत तेव्हापासून रुळत गेली.

या इतिहासातला सगळ्यात गुंतागुंतीचा शब्द मात्र 'वाचण्याचं प्रमाण' हा आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस छुप्या मृत्यूंचा मुद्दा पुढे आला. शस्त्रक्रिया करणारी मोठी रुग्णालयं आपल्याकडे पोचलेली बाळंच मोजत. प्रसूतिगृहात किंवा वाटेत गेलेलं बाळ त्यांच्या हिशेबात येतच नसे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तिथवर पोचलेलं बाळ मुळातच चिवट. त्याच्या बरं होण्याचं श्रेय टाक्यांना मिळे. मग सोनोग्राफी आली. हृदयाच्या पातळीवरच्या छातीच्या आडव्या चित्रात, हृदय उजवीकडे ढकललेलं आणि शेजारी जठराचा काळा बुडबुडा, असं साधारण विसाव्या आठवड्याला दिसू लागलं. मोजणी गर्भापासून सुरू झाली, तशी पोटातच दगावलेली बाळं आणि गर्भपातही समोर आले. निदान सुधारलं आणि आकडे खालावले! उपचार बिघडले नव्हते, छेद म्हणजे 'कितींपैकी' हा खालचा आकडा बदलला होता. आजही एखादं केंद्र ८० टक्के म्हणतं तेव्हा ते दाखल झालेल्यांपैकी, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी की निदान झालेल्यांपैकी, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

गर्भातच निदान झाल्याचा एक रोकडा फायदा आहे. जन्मताच रडलं नाही तर बाळाच्या तोंडावर मास्क धरून बॅग दाबणं हा हातांचा सराव असतो. इथे ती हवा छातीत चढलेल्या आतड्यांत शिरते आणि आधीच दबलेलं फुप्फुस आणखी दबतं. म्हणून थेट श्वासनलिकेत नळी आणि जठर रिकामं करायला दुसरी नळी, ही तयारी आधीच ठेवता येते.

पुढे फुप्फुसाचा आकार डोक्याच्या घेराशी ताडून, मग त्या आठवड्यातल्या अपेक्षित आकाराशी तुलना करून, तीव्रता ठरू लागली. डावीकडच्या हर्नियात हे प्रमाण २५ टक्क्यांखाली असेल तर 'तीव्र'. गर्भाच्या श्वासनलिकेत फुगा बसवण्याचा वाद याच रेषेभोवती आहे. नलिका बंद केली की फुप्फुसात तयार होणारा द्रव आतच साठतो आणि फुप्फुस ताणून वाढवतो, ही त्यामागची कल्पना. २००३ मधल्या २४ गर्भवतींच्या चाचणीत फुग्याने काही साधलं नाही: फुगा बसवलेल्यांत ७३ टक्के बाळं वाचली, न बसवलेल्यांत ७७. तेव्हा तीव्रतेची चाळणी सैल होती, असं माझं मत. २०२१ मध्ये दोन चाचण्या आल्या. तीव्र गटात वाचून घरी गेलेली बाळं फुग्यासह ४० टक्के, फुग्याविना १५. मध्यम गटात ६३ विरुद्ध ५०, पण हा फरक संख्याशास्त्राने मान्य केला नाही. तीव्र गटात फुगा २७ ते २९ आठवड्यांत बसवला होता, मध्यम गटात ३० ते ३२ मध्ये. मग फरक तीव्रतेचा की वेळेचा? मला वेळेचा संशय जास्त वाटतो.

फुग्याची किंमतही आहे. तीव्र गटात फुगा बसवलेल्यांपैकी ७५ टक्के प्रसूती मुदतीआधी झाल्या, एरवी २९ टक्के. साधारण ३४व्या आठवड्यात काढायचा हा फुगा अवेळी कळा आल्या तर तातडीने काढावा लागतो, म्हणून आईला केंद्राजवळच मुक्काम करावा लागतो. त्या चाचणीत एक बाळ फुगा निघालाच नाही म्हणून गेलं, दुसरं फुगा काढताना वारेला इजा झाल्यावर केलेल्या तातडीच्या प्रसूतीनंतर. ४० टक्क्यांच्या हिशेबात ही दोन्ही बाळं न वाचलेल्यांत धरलेली आहेत.