तालमीचा सण (कोल्हापूर)

कोल्हापुरात पेठेतली तालीम जो सण करते तो तालमीचा सण, मग तो गणपती असो, मोहरमचा पंजा असो, शिवजयंती असो की नवरात्र. बाहेरचा माणूस विचारतो हा सण कुणाचा, हिंदूंचा का मुसलमानांचा, आणि कोल्हापूरकर सांगतो "आमच्या तालमीचा हाय". विचारणाऱ्याला वाटतं हा प्रश्न टाळतोय, पण इथं सण खरंच तालमीचा असतो आणि तालीम अख्ख्या पेठेची असते, त्यामुळं दुसऱ्याच्या सणात माणूस पाहुणा म्हणून जात नाही, वर्गणी भरलेली असते म्हणून हक्कानं जातो.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीची जागा, आत लाल मातीचा हौदा आणि कोपऱ्यात मारुती. शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) कुस्तीला जोर दिला, खासबागचं मैदान १९१२ मध्ये तयार झालं, आणि पेठेपेठेत पैलवान घुमायला लागले. आता बऱ्याच तालमींत हौदा उरलेला नाही, वर हॉल झालाय, खाली गाळे निघालेत, पण तालीम बंद पडली नाही कारण तिच्याकडं बाकीची कामं आली. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं कोल्हापूरच्या बाहेर कुणाला कळणार नाहीत, पण शाहू स्टेडियमवर यांची फुटबॉल मॅच असली की गावाचं अर्धं लक्ष तिकडंच, आणि ही सगळी मुळात तालमींचीच नावं. जी पोरं जर्सी घालतात तीच गणपतीत पावती पुस्तक घेऊन दारात येतात आणि तीच मोहरमला खाईची, म्हणजे निखाऱ्यांच्या खड्ड्याची, लाकडं आणतात. टीममध्ये मुल्ला, बागवान, पाटील, कांबळे सगळे असतात, मग मांडवात वेगळे कशाला होतील.

पंजा

तालमीच्या सणाचा अर्थ सगळ्यात स्पष्ट दिसतो तो मोहरमला. पंजा म्हणजे हाताच्या आकाराचं धातूचं निशाण, ते काठीवर बसवतात, खाली भरजरी कापड गुंडाळतात, वर फुलांचा सेहरा सोडतात, आणि नवसाचे हार इतके चढतात की शेवटी पंजा दिसतच नाही, नुसता फुलांचा ढीग चालत आल्यासारखा वाटतो. चंद्र दिसला की कुदळ मारायचा विधी होतो, म्हणजे तालमीसमोर खाईसाठी खड्ड्याची सुरुवात, मग पंजे बसतात, पुढं पुढं ते एकमेकांच्या भेटीला निघतात, नवव्या रात्री म्हणजे खत्तलरात्रीला खाई फुटते आणि दहाव्याला पंचगंगेवर विसर्जन. बाबूजमाल तालमीचा नाल्या हैदर, घुडणपीर, अवचितपीर, बाराइमाम, वाळव्याची स्वारी ही पंज्यांची नावं इथं माणसांच्या नावासारखी घेतली जातात, "नाल्या हैदर निघाला काय?" असं विचारतात, जसा काय तो शेजारचा कुणी आहे.

पंजा बसवणारे, उचलणारे, खाईवरून चालणारे यात हिंदू घरातले लोक भरपूर असतात, काही घरांत नवस पिढ्यान्पिढ्या चालत आलेला असतो आणि तो कुणी केला, कशासाठी केला हे आता घरात कुणाला सांगता येत नाही, पण चुकवायचा नाही एवढं ठरलेलं. नैवेद्याला मलिदा आणि चोंगे. चोंगे म्हणजे गव्हाचं पीठ आणि गूळ घालून केलेला, वर नक्षी उठवलेला गोड प्रकार, गरम असताना मऊ आणि दुसऱ्या दिवशी चांगला कडक, आणि माझ्या मते दुसऱ्या दिवशी चहात बुडवूनच तो जास्त चांगला लागतो. आमच्या पेठेत मोहरमला चोंगे न खाल्लेलं घर शोधावं लागेल.

बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती कोरलेला आहे, दर्गा अंबाबाईच्या देवळापासून चालत जायच्या अंतरावर. पर्यटक तिथं थांबून फोटो काढतात, पेठेतला माणूस मात्र मान वर न करता आत जातो, त्याला त्यात विशेष काही वाटत नाही.

पंजा आणि गणपती एका मांडवात

हे दर वर्षी होत नाही. हिजरी वर्षाला अधिक महिना नसतो, त्यामुळं मोहरम दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडं सरकतो आणि साधारण ३३ वर्षांनी फिरून त्याच ऋतूत येतो. आपले महिनेही चंद्राचेच, त्यामुळं एकदा भाद्रपद आणि मोहरम जुळले की पुढचा अधिक महिना येईपर्यंत जुळलेलेच राहतात. २०१८ मध्ये अधिक ज्येष्ठ आला आणि मग जुळले, २०१८, २०१९ आणि २०२० अशी तीन वर्षं दोन्ही सण एकत्र आले, मग २०२० च्या अधिक आश्विनानं परत फोडले. त्या आधी हे ऐंशीच्या दशकात झालेलं. अशा वर्षी काही तालमींत एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला पंजा, मध्ये एकच समई, एकच वर्गणी आणि रात्री राखणीला बसणारी पोरंही तीच. आरती झाली की फातिहा, कुणी कुणाला सांगत नाही आता तुम्ही गप्प बसा म्हणून. तिसऱ्या वर्षी करोना होता त्यामुळं सगळंच दारं लावून झालं, ते वर्ष मोजायचं की नाही यावर तालमीत अजून वाद घालता येईल.

शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडात याच्याही पुढची गोष्ट आहे, तिथं पाच मशिदींत गणपती बसतो, आणि तो मोहरमशी जुळलेल्या वर्षीच नव्हे, दर गणेशोत्सवात.

बाकीचे

तालमीच्या बाहेरही शहरात सणांची गर्दी आहे, पण तिथं यजमान ठरलेला असतो. दसऱ्याला छत्रपती घराणं जुन्या मेबॅक गाडीतून येतं आणि सोनं लुटलं जातं तो दसरा चौक, त्याच भागात शाहूकाळातली मुस्लिम बोर्डिंग. मराठा आणि जैन बोर्डिंगं १९०१ ची, मुस्लिम १९०६ ची, लिंगायत १९०७ ची, म्हणजे वेगवेगळ्या समाजाची पोरं शिकायला एकाच शहरात राहणार हे तेव्हाच ठरून गेलं, आणि पोरं राहिली की सण येतातच. १४ एप्रिलला बिंदू चौक निळा होतो, तिथले फुले-आंबेडकरांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला बसले, बाबासाहेब हयात असताना. नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. नाताळला वाइल्डर मेमोरियल चर्चच्या बाहेर इतर लोकही रेंगाळतात. रमजान ईदला शीरखुर्म्याची पातेली कुठल्या घरात किती वाजता उघडतात याचा हिशोब मित्रांकडं पक्का असतो, सकाळी एका घरी, दुपारी तीन घरी, संध्याकाळी पोटाची अवस्था सांगण्यासारखी नसते.

शहराजवळचं वळिवडे वेगळंच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८, तिथं जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांची शाळा होती, चर्च होतं, नाताळ आणि ईस्टर पंचगंगेच्या काठावर व्हायचे. ते गेले, मग फाळणीनंतर सिंधी आले आणि गांधीनगर झालं, आता तिथं कापडाचा बाजार आणि चेटीचंड, म्हणजे सिंध्यांचं नवीन वर्ष.

अडचणी

डॉल्बी ही पहिली. हलगी-घुमकं-कैताळावर नाचणाऱ्या म्हाताऱ्याचा आणि छातीत धडका देणाऱ्या डॉल्बीचा संबंध जोडता येत नाही, आणि अनंत चतुर्दशीची मिरवणूक, जी मंगळवार पेठेतल्या तुकाराम माळी तालमीच्या मानाच्या गणपतीपासून सुरू होते, ती चोवीस तासांच्या पुढं जाते तेव्हा महाद्वार रोडवर राहणाऱ्यांनी कानात कापूस घालून झोपायचं तरी किती. लेझरनं डोळ्यांना त्रास होतो तो वेगळा.

दुसरी अडचण बोलायला अवघड आहे. जून २०२३ मध्ये मोबाईलच्या स्टेटसवरून गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं, आणि ज्यांच्या घरी आपण शीरखुर्मा खातो त्यांची दुकानं दोन दिवस बंद होती. तालमीत तेव्हा पोरं होती, काही थांबवायला गेली, काही थांबवायला गेली नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरच्या मोहरमलाही पंजे बसले.

बघायला यायचं असेल तर खत्तलरात्रीला या, रात्री अकराच्या पुढं. गाडी लांब लावा, आत गल्लीत आणली तर सकाळपर्यंत निघायची नाही. पंजा समोरून आला की बाजूला व्हायचं, तो धरणारा माणूस डोळे अर्धे मिटून पळत असतो आणि त्याला तुम्ही दिसत नाही. खाईजवळ फार पुढं उभं राहू नका, तोंड भाजतं. आणि कुणी चोंगा हातात दिला तर पैसे विचारू नका, देणारी बाई रागावते.