पिवळी जर्सी घड्याळाची, हिरवी क्रमांकाची

दर जुलैत टूर द फ्रान्सबद्दल, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीबद्दल, मराठीत जे लिहिलं जातं त्यात एक वाक्य हमखास सापडतं: "अमुकने टप्पा जिंकून आघाडी घेतली." पहिले काही दिवस सोडले तर ते बहुतेक वेळा चूक असतं. टप्पा जिंकलेला गडी एकूण यादीत शंभराच्याही खाली असू शकतो, आणि त्याचं त्याला काडीचंही दुःख नसतं. दुसरं वाक्य आणखी वाईट: "पिवळी जर्सी पहिल्याला, हिरवी दुसऱ्याला." सुवर्ण-रौप्यासारखं. टूरमध्ये दुसऱ्या क्रमांकाला कुठलीही जर्सी नसते. पिवळी आणि हिरवी या एकाच रस्त्यावर, एकाच वेळी चाललेल्या दोन वेगवेगळ्या शर्यती आहेत, आणि त्यांचा हिशोब वेगवेगळ्या वह्यांत लिहिला जातो.

एका दिवसाची शर्यत आपल्याला नीट कळते. मुंबई-पुणे सायकल शर्यत पाहिलेल्या माणसाला सांगायला नको: घाटात पहिला तो 'घाटाचा राजा', पुण्यात पहिला तो विजेता. टूरचा एकेक टप्पा दिसायला अगदी असाच असतो. शेवटचा पट्टा (फिनिश लाइन), हात वर करून ओरडणारा माणूस, फोटो. घोळ इथेच सुरू होतो. असे २१ टप्पे, २३ दिवस, त्यात दोन दिवस विश्रांती, सगळे मिळून साधारण ३,३०० ते ३,५०० किलोमीटर.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर: समजा २१ सामन्यांची मालिका आहे आणि ठरलं की कोण किती सामने जिंकलं ते बघायचंच नाही, सगळ्या सामन्यांतल्या धावांची बेरीज करायची. ही पिवळी जर्सी. फक्त इथे धावांऐवजी वेळ आहे आणि ज्याची बेरीज सर्वात कमी तो पुढे. हिरवी म्हणजे गुणतालिका. प्रत्येक टप्प्यात कितवा आलास त्याचे गुण, सेकंदांशी देणंघेणं नाही.

इथपर्यंत मान डोलावणारे लोकही पुढच्या मुद्द्यावर घसरतात, म्हणून तो सावकाश घेऊ.

सपाट रस्त्यावरच्या टप्प्याचा शेवट बघा. दीडशे जणांचा घोळका ताशी साठच्या पुढच्या वेगाने पट्ट्यावर येतो. पहिला पट्टा ओलांडतो तेव्हा घड्याळात समजा ४ तास १२ मिनिटं ३० सेकंद झालेत. दीडशेवा प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटाने येतो. निकालपत्रकात त्याच्या नावापुढे वेळ काय? ४ तास १२ मिनिटं ३० सेकंद. तीच. कारण वेळ माणसागणिक लावली जात नाही, गटागणिक लावली जाते. पुढच्या सायकलचं मागचं चाक आणि मागच्या सायकलचं पुढचं चाक यांत ठरावीक खंड पडला तरच नवा गट धरतात. एरवी हा खंड एक सेकंदाचा, आणि स्प्रिंटने, म्हणजे शेवटच्या काहीशे मीटरांतल्या घोळक्याच्या झुंजीने, संपणार असं आधी जाहीर केलेल्या टप्प्यांत तीन सेकंदांचा. साखळी तुटली नाही, तर शेपटाकडच्या माणसालाही डोक्याकडच्याची वेळ मिळते.

म्हणजे तो जीव तोडून मारलेला स्प्रिंट पिवळ्या वहीत जवळजवळ शून्य आहे. जवळजवळ अशासाठी की पहिल्या तिघांना बोनस म्हणून १०, ६ आणि ४ सेकंद वेळेतून वजा करून मिळतात. (टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध पळायच्या टप्प्यात, तेही नाही. २००८ ते २०१४ तर हा बोनसच बंद होता.) हिरव्या वहीत मात्र तोच स्प्रिंट सोन्याचा आहे. २०२५ च्या नियमांत सपाट टप्प्याच्या विजेत्याला ५० गुण, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, मग १८, १६ असे उतरत पंधराव्याला २. सोळाव्याला काही नाही, वेळ मात्र पहिल्याइतकीच.

हे असं का, याचं उत्तर वाऱ्यात आहे. सपाटीवर पुढच्याच्या आडोशाला बसलं की तिसरा हिस्सा तरी ताकद वाचते, त्यामुळे सामान्य गडीही घोळक्यात टिकतो आणि कुणी कुणाला सोडून जाऊ शकत नाही. घाटात वेग ताशी वीसवर आला की आडोशाचा उपयोग फारसा उरत नाही. तिथे प्रश्न एवढाच की तुझं वजन किती आणि ते वर ओढायची ताकद किती. घोळक्याच्या चिंध्या होतात, आणि मिनिटांचे फरक पडतात ते तिथे. किंवा टाइम ट्रायलमध्ये, जिथे प्रत्येकाला एकट्याने सोडतात आणि आडोसाच नसतो.

आता आकडे शेजारी ठेवा. स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिशने कारकिर्दीत टूरचे ३५ टप्पे जिंकले. हा विक्रम आहे, २०२४ मध्ये त्याने एडी मर्क्सचा ३४ चा आकडा मोडला. प्रत्येक विजयाला १० सेकंद धरून सगळ्यांची बेरीज केली तरी होतात ५ मिनिटं ५० सेकंद. आणि १९ जुलै २०२३ ला, कोल द ला लोझच्या चढावर तादेय पोगाचार ढेपाळला तेव्हा त्या एका दुपारी त्याने पिवळी घातलेल्या योनास विंगेगार्डला किती वेळ दिला? ५ मिनिटं ४५ सेकंद. एका माणसाचा जन्मभराचा स्प्रिंट एका घाटात जेमतेम बसला.

त्या दिवसाची आणखी एक गंमत. कूरशव्हेलचा तो टप्पा विंगेगार्डने जिंकलाच नाही, तो फेलिक्स गालने जिंकला. विंगेगार्डला त्याची फिकीरही नव्हती. गाल एकूण वेळेत त्याच्या कितीतरी मागे होता, त्याला जाऊ दिलं तरी बिघडत नव्हतं. विंगेगार्डचा हिशोब फक्त पोगाचारशी होता. सकाळी आघाडी १ मिनिट ४८ सेकंद, संध्याकाळी साडेसात मिनिटांच्या वर. त्या वर्षी विंगेगार्डने सगळ्या टूरमध्ये एकच टप्पा जिंकला, तोही टाइम ट्रायल. स्प्रिंटर यास्पर फिलिप्सनने चार जिंकले. पिवळी विंगेगार्डला, हिरवी फिलिप्सनला, आणि यात कुणावरही अन्याय झालेला नाही.

एकही टप्पा न जिंकता टूर जिंकता येते का? येते. ग्रेग लमंड १९९०, ख्रिस फ्रूम २०१७, एगान बेर्नाल २०१९. बेर्नालच्या बाबतीत तर गारपीट आणि दरड यांमुळे एकोणिसावा टप्पा मध्येच थांबवला, वेळा इझरां घाटाच्या माथ्यावर धरल्या आणि त्या टप्प्याचा विजेता कुणालाच जाहीर केलं नाही. पिवळी मात्र बेर्नालच्या अंगावर चढली. टप्पा न जिंकता हिरवी? तीही येते. पीटर सगानने २०१४ आणि २०१५ मध्ये एकही टप्पा न जिंकता ती नेली. म्हणून "हिरवी जर्सी म्हणजे सर्वात वेगवान स्प्रिंटर" हेही अर्धवटच. हिरवी त्याची, जो रोज वरच्या क्रमांकांत सापडतो. सगान छोटे चढ ओलांडायचा, वाटेतल्या स्प्रिंटला (टप्प्याच्या मध्येच आखलेली रेघ, पहिल्याला २० गुण) हजर असायचा, निखळ स्प्रिंटर मागे सुटलेले असायचे त्या दिवशीही गुण गोळा करायचा. एकूण सात हिरव्या जर्स्या त्याच्या नावावर आहेत, आणि हा विक्रम आहे.

डोंगराळ टप्प्यांत हिरव्याचे गुण मुद्दाम कमी ठेवलेत, पहिल्याला २०. नाहीतर पिवळीवालाच दोन्ही घेऊन जाईल. तरीही कधी कधी घेऊन जातो: मर्क्सने १९६९, १९७१ आणि १९७२ मध्ये दोन्ही जिंकल्या, बेर्नार इनोने १९७९ मध्ये. त्यानंतर कुणीच नाही.

दोन वह्या वेगळ्या आहेत हे सर्वात स्पष्ट दिसतं ते काही बिघडलं की. सपाट टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरांत (काही टप्प्यांत आता ही हद्द पाचपर्यंत वाढवतात) कुणी पडला किंवा पंक्चर झालं, तर तो ज्या गटात होता त्याच गटाची वेळ त्याला मिळते. मग तो लंगडत दहा मिनिटांनी पट्ट्यावर आला तरी. माथ्यावर संपणाऱ्या टप्प्याला आणि टाइम ट्रायलला हा नियम नाही. समालोचक इथे "काळजी नको, नियमाचं संरक्षण आहे" म्हणून मोकळे होतात. संरक्षण फक्त वेळेला असतं. क्रमांक जो प्रत्यक्ष आला तोच. २०२४ च्या सोळाव्या टप्प्यात, नीम शहरात, हिरवी जर्सी घातलेला इरिट्रियाचा बिनियम गिरमाय याच हद्दीत पडला. वेळेत त्याचं काही गेलं नाही, आणि त्याला वेळेचं करायचंही काही नव्हतं. गुण मिळाले नाहीत, आणि टप्पा जिंकून ५० गुण नेले ते नेमके त्याच्या पाठलागावर असलेल्या फिलिप्सनने.

शिक्षेचंही तसंच. स्प्रिंटमध्ये आपली रेघ सोडून दुसऱ्याच्या वाटेत घुसलं की पंच त्याला त्याच्या गटाच्या शेवटी टाकतात. वेळ तीच राहते, गुण जातात. त्याच टूरमध्ये दिजाँ शहरात फिलिप्सन दुसरा आला होता आणि त्याला असंच मागे ढकललं. ३० गुण गेले. शेवटी गिरमाय ३८७, फिलिप्सन ३५४. फरक ३३ चा.

हिरवीवाल्याची खरी कसोटी घाटात असते, पण ती जिंकायची नसते, फक्त वेळेत पोचायची असते. प्रत्येक टप्प्याला विजेत्याच्या वेळेवर काही टक्के अशी कमाल मर्यादा असते. टप्पा किती अवघड आणि सरासरी वेग किती यावर टक्के ठरतात. ती चुकली की घरी, मग आधीचे गुण कितीही असोत. म्हणून स्प्रिंटर घाटात एक गट करून ठरावीक चालीने चढतात. फ्रेंचमध्ये या गटाला ऑटोब्युस म्हणतात, म्हणजे बसच, आणि ती चुकवायची नसते. बसच उशिरा आली तर पंच एवढ्या सगळ्यांना घरी पाठवत नाहीत, गुण कापतात. २०११ मध्ये कॅव्हेंडिशचे लागोपाठ दोन दिवस २०-२० गुण असे कापले गेले. तरीही हिरवी त्यानेच जिंकली. घाटात पाऊण तास मागे पडलेला स्प्रिंटर पाहून "दमला, संपला" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो त्याचं काम करत असतो.

वेळ की क्रमांक, हा वाद टूरइतकाच जुना आहे. १९०३ ची पहिली टूर वेळेवर होती. १९०५ ते १९१२ ती चक्क गुणांवर ठरवली जायची. १९१३ ला पुन्हा घड्याळ आलं आणि त्याच वर्षी यूजेन क्रिस्टोफच्या सायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा, तूरमाले घाट उतरताना तुटला. बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम, म्हणून सायकल खांद्यावर घेऊन चालत सेंत-मारी-द-कांपां गावात लोहाराच्या भट्टीवर त्याने स्वतः फोर्क जोडला. भाता एका पोराने मारला, त्याचीही शिक्षा झाली. कित्येक तास गेले. आदल्या वर्षीच्या पद्धतीत तो एक वाईट दिवस ठरला असता, काही गुण गेले असते. घड्याळाने त्याची टूर तिथेच संपवली. १९१९ मध्ये पहिली पिवळी जर्सी अंगावर चढवणारा माणूस हाच.

किरकोळ गोष्टी पटकन. पिवळा रंग शर्यत भरवणाऱ्या 'लोतो' या वर्तमानपत्राच्या पिवळ्या कागदावरून आला. हिरवा १९५३ चा, प्रायोजकाच्या रंगावरून. १९६८ ला एक वर्ष तो लालही होता. लाल ठिपक्यांची जर्सी घाटांच्या माथ्यांवरच्या गुणांची, म्हणजे तिथला 'घाटाचा राजा', पण तो सर्वात चांगला चढणारा असतोच असं नाही. पांढरी तरुणांतल्या पहिल्याची आणि तिची वही वेळेचीच. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या पुणे ग्रँड टूरचाही विजेता वेळेच्या बेरजेवरच ठरला, त्यामुळे हे सगळं आता आपल्या घाटांनाही लागू आहे.

शेवटचा एक फसवा प्रकार. एकच जण दोन्हींत पहिला असेल तर तो अंगावर पिवळीच घालतो, कारण तिचा मान वरचा. मग हिरवी रिकामी राहू नये म्हणून गुणांत दुसरा असलेल्याला दुसऱ्या दिवशी घालायला देतात. पहिल्या आठवड्यात हे बऱ्याचदा घडतं. पडद्यावर हिरवी दिसली म्हणून "हा गुणांत पुढे" असं लिहायच्या आधी गुणतक्ता उघडून पाहावा.