लोखंड खाऊन तांबे देणारे पाणी

स्लोव्हाकियातल्या बान्स्का बिस्त्रित्सा शहराच्या उत्तरेला, साधारण 730 मीटर उंचीवर श्पान्या डोलिना हे जेमतेम दोनशे वस्तीचे गाव आहे. घरांच्या डोक्यावर एक उघडाबोडका डोंगर दिसतो, पण तो डोंगर नव्हे. शतकानुशतके खाणीतून उपसलेला तो दगडमातीचा ढीग आहे.

इथल्या तांब्याच्या खनिजात चांदीही होती. म्हणूनच 1490च्या दशकात थुर्झो आणि फुगर या सावकारी घराण्यांनी या भागात भागीदारीत पैसा ओतला. 1546 मध्ये फुगर बाहेर पडले, तोवर इथले तांबे अँटवर्पमार्गे पोर्तुगीजांकडे जात होते. नामिबियाच्या किनाऱ्यावर 2008 मध्ये सापडलेल्या, भारताकडे निघालेल्या पोर्तुगीज जहाजात फुगरांचा त्रिशूळ उमटवलेले तांब्याचे गोळे होते.

मात्र गावाचे खरे नवल खाणीच्या पाण्यात आहे. हवा आणि पाणी लागले की गंधकयुक्त खनिजाचे सल्फेट होते आणि ते विरघळते. द्राक्षबागायतदार बोर्डो मिश्रणात घालतात ते मोरचूद म्हणजे हेच. अशा पाण्यात मोडके लोखंड टाकले की लोखंड विरघळते आणि तांबे त्यावर बसते. हिशेबाने 1 किलो लोखंडामागे सुमारे 1.14 किलो तांबे मिळायला हवे. प्रत्यक्षात कमीच मिळते, कारण पाण्यातले आम्ल आणि फेरिक लोह (पाण्यात विरघळलेले लोखंडाचेच एक रूप) फुकटच लोखंड खातात. शिवाय तांब्याचा थर जमला की आतले लोखंड झाकले जाते आणि क्रिया मंदावते, म्हणून तो वारंवार खरवडावा लागतो. हाती येतो तो गंजमिश्रित गाळ. तो वितळवून शुद्ध करावाच लागतो.

या तांब्याचे मुलामा दिलेले पेले 17व्या-18व्या शतकांत श्रीमंतांचे कौतुकाचे वाण होते. त्यांवर कोरत: ‘लोखंड होतो, तांबे झालो, चांदी वागवतो, सोने पांघरतो.’ जाहिरात म्हणून झकासच. पण लोखंडाचे तांबे होत नाही, दोघे फक्त जागा बदलतात.

धातुक धुवायला आणि यंत्रे फिरवायला उतारावर पाणी अपुरे पडे. त्यासाठी लो टाट्रा पर्वतातून 30 किमीहून लांब पाट आणला होता. पुढे खाण ओसरली आणि घरोघरच्या बायका लाकडी फिरक्यांवर लेस विणू लागल्या; त्यावर संसाराला हातभार लागला. ढीग मात्र तिथेच आहे. पावसाचे पाणी त्यातून आजही झिरपते आणि तांब्यासोबत आर्सेनिक, अँटिमनीही घेऊन उतरते.