रात्र आधी, दिवस मागून : जलसा-ईदचं काम छापायला देण्याआधी

रजब हा इस्लामी महिना लागला की आमच्या प्रेसमध्ये शब-ए-बारात, रमजान, ईद अशी कामं ओळीने येतात, आणि दरवर्षी एकच चूक सोबत येते. ती प्रत्येकाला तोंडी समजावण्यापेक्षा हा कागद काढला. कागद काय, घरचाच आहे.

इस्लामी तारीख रात्री बाराला बदलत नाही. मगरिबला, सूर्य मावळला की बदलते. म्हणजे कुठल्याही तारखेची रात्र तिच्या दिवसाच्या आधी येऊन जाते. भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र चौकोनात दिवसाची तारीख असते. तो चौकोन पाहून रात्रीचा कार्यक्रम लिहिला की एक दिवस चुकलाच.

२०२५ ची शब-ए-बारात, म्हणजे शाबान महिन्याच्या १५ तारखेची रात्र, घ्या. १५ शाबान आली शुक्रवारी, १४ फेब्रुवारीला. रात्र होती गुरुवारची, १३ ची. मॅटर आलं : ‘शुक्रवार, १५ शाबान, इशाच्या नमाजनंतर’ (इशा म्हणजे रात्रीची नमाज). विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘छाप ना भो, कॅलेंडर पाहूनच लिहिलंय.’ चारशे पत्रिका रद्दीत गेल्या, प्लेट नवी काढावी लागली आणि दुसऱ्यांचं लग्नाचं काम मागे पडलं. तेव्हापासून आम्ही ‘गुरुवार-शुक्रवारच्या मधली रात्र’ असंच छापतो. ओळ लांबते, पण जास्तीचे पैसे घेत नाही. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, सही मात्र घेतोच. त्याचा राग मानू नका.

‘ईदची तारीख आधीच टाकून द्या’ हा दुसरा आग्रह. महिना २९ चा की ३० चा, हे चाँद ठरवतो. रमजान ईद म्हणजे रमजाननंतरच्या शव्वाल महिन्याची १ तारीख, त्यामुळे हाती एकच रात्र मिळते. शुभेच्छांच्या फ्लेक्सचं डिझाइन आठवडाभर आधी पास करून ठेवा, तारीख आम्ही चाँदरातीला, म्हणजे ईदचा चाँद दिसेल त्या रात्री, भरू. बकरी ईद जिलहिज्ज महिन्याच्या १० तारखेला असते, म्हणजे चाँद दिसल्यावर नऊ दिवस मिळतात. तरी लोक आदल्या संध्याकाळी धावत येतात, हे काही आम्हाला कळलेलं नाही.

सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का सरकतो, असंही विचारतात. बारा चांद्रमास ३५४-३५५ दिवसांत संपतात आणि आपल्यासारखा अधिक मास त्यात धरत नाहीत. म्हणून २०१९ चे रोजे ऐन मे महिन्यात, खान्देशच्या उन्हात झाले आणि २०२५ ची ईद ३१ मार्चला आली. २०२३ मध्ये तर बकरी ईद आणि आषाढी एकादशी दोन्ही २९ जूनला, ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी दोन्ही २८ सप्टेंबरला. त्या वर्षी मिलादची सुट्टीच सरकारने २९ ला नेली. अशा वर्षी जुलूस आणि सुट्टी यांच्या तारखा वेगळ्या लिहून आणा.

सहेरी-इफ्तारचं, म्हणजे रोजा धरण्या-सोडण्याच्या वेळांचं, टाइमटेबल मुंबईचं आणून ‘हेच छापा’ म्हणू नका. जळगाव मुंबईच्या पूर्वेला आहे; मार्चात इथे सूर्य साधारण दहा मिनिटं आधी मावळतो. नंदुरबार आणि भुसावळमध्येच सहा मिनिटांचा फरक पडतो. तुमच्या मशिदीने मंजूर केलेले वेळ आणा, आम्ही गावाचं नाव टाकून खिशात मावेल असं कार्ड करून देऊ, मराठी-उर्दू दोन्हीत. मागच्या बाजूला दुकानाची जाहिरात बसते, त्यात छपाईचा बराच खर्च निघतो.

चाँदरातीला आमचं शटर मध्यरात्रीपर्यंत वर असतं. येताना आधीचं सही केलेलं प्रूफ तेवढं घेऊन या.