विपश्यना करून आलो म्हणजे बौद्ध झालो का? साधना आणि धर्म यातला घोळ

कोणता धर्म बरोबर, कोणता मार्ग धरावा असं विचारणारी माणसं बऱ्याचदा दोन वेगळे प्रश्न एका दमात विचारत असतात, आणि आपल्या महाराष्ट्रात हा घोळ सगळ्यात जास्त दिसतो तो बुद्धाच्या बाबतीत. एकजण इगतपुरीच्या विपश्यना ध्यान-शिबिरात दहा दिवस बसून येतो आणि घरचे धास्तावून विचारतात, काय रे, बौद्ध झालास की काय? दुसऱ्या कोणाच्या मनात बौद्ध धर्माची दीक्षा, म्हणजे धम्मदीक्षा, घ्यायचं येतं तर मित्र म्हणतो, अरे एवढं कशाला, विपश्यना कर ना, तेच आहे ते. तर तेच नाहीये ते. विपश्यना शिबिर आणि धम्मदीक्षा या दोन गोष्टींचं मूळ एक असलं तरी त्या तुमच्याकडून मागतात वेगळं आणि देतातही वेगळं.

घोळ होतो यात लोकांची चूक नाही म्हणा. शिबिराच्या सुरुवातीलाच पाली भाषेत त्रिशरण (बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणं) म्हणून घेतात, पंचशील (वागणुकीचे पाच नियम) देतात. सामूहिक बैठक संपताना 'भवतु सब्ब मंगलं' येतं आणि हॉलमधून 'साधु, साधु, साधु' असा आवाज उठतो. आता हेच शब्द कुठल्याही वस्तीतल्या बुद्धविहारात रविवारी सकाळी ऐकू येतात. शिवाय दोन्हीकडे ब्रह्मदेश आहे. ही शिबिरं भारतात सुरू करणारे सत्यनारायण गोयंका जन्मले १९२४ मध्ये मंडालेला, मारवाडी व्यापारी घरात, आणि मायग्रेनने हैराण होऊन १९५५ मध्ये रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे साधना शिकायला बसले. बाबासाहेब १९५४ च्या डिसेंबरात रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांना दीक्षा देणारे महास्थवीर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातलेच. म्हणजे काळ जवळपास तोच, देश तोच, शब्द तेच. मग सामान्य माणूस गोंधळणार नाही तर काय.

आधी विपश्यनेचं बघू. गोयंका १९६९ मध्ये भारतात आले, इगतपुरीचं धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे आणि पद्धत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. पहाटे चारला घंटा. मोबाईल जमा, वही-पेन नाही, पुस्तक नाही, आर्य मौन म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाशी नजरेनेसुद्धा बोलायचं नाही. दिवसाला दहाएक तास बसायचं. पहिले तीन दिवस फक्त श्वास, नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर जी बोटभर जागा आहे ना तिथेच लक्ष, बास. चौथ्या दिवशी विपश्यना देतात, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघत जायचं, आणि त्यानंतर एक-एक तासाच्या अधिष्ठानाच्या बैठका, ज्यात हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. त्या तासात गुडघा असा काही पेटतो की मोक्षबिक्ष सगळं विसरायला होतं, एवढंच वाटतं की ती टेप कधी लागणार आणि गोयंकाजी कधी गायला लागणार. शिकवण्याचा सगळा गाभा त्या गुडघ्यात आहे खरं तर. दुखतंय हे बघायचं, त्यावर चिडायचं नाही, ते बदलतंय हे स्वतः अनुभवायचं. संध्याकाळी पाचला नव्या साधकांना फळ, मुरमुरे, चहा, आधी शिबिर केलेल्या जुन्यांना नुसतं लिंबूपाणी. फी नाही, आणि दान घेतात ते कोर्स पूर्ण केलेल्यांकडूनच.

यात तुम्ही कोण आहात हे बदलायला कोणी सांगत नाही. गोयंकांचं म्हणणंच ते होतं की हे एका संप्रदायातून दुसऱ्यात जाणं नव्हे. दहा दिवस जपमाळ, पूजा, उपास, दुसरी ध्यानं सगळं बाजूला ठेवायला लावतात, ते एवढ्याचसाठी की ही पद्धत भेसळ न करता करून बघता यावी. नंतर घरी जाऊन गणपती बसवा, नमाज पढा, चर्चला जा, कोणी विचारायला येत नाही. तिथे माळकरी येतात, जैन येतात, नन आणि पाद्री येऊन गेलेत.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती गमतीत घेतली जाते. अर्जात मानसिक आजार, औषधं याबद्दल विचारलेलं असतं ते खरं खरं भरा. डिप्रेशनची किंवा इतर औषधं चालू असताना, ती कोणाला न सांगता बंद करून दहा दिवस मौनात जाऊन बसणं हा शहाणपणा नाही. सगळ्यांसाठी सगळ्या वेळी चांगली अशी ही गोष्ट नाही आणि तिथले लोकही तसं म्हणत नाहीत.)

आता धम्मदीक्षा. इथे गुडघ्याचा प्रश्नच नाही. त्रिशरण आणि पंचशील आहेच, पण त्याच्यापुढे बाबासाहेबांनी स्वतः घालून दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आहेत आणि सगळा फरक तिथे आहे. पहिल्या तीनमध्येच ब्रह्मा, विष्णू, महेश, मग राम, कृष्ण, मग गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही असं स्पष्ट आहे. पाचवीत बुद्ध हा विष्णूचा अवतार ही गोष्ट खोटी मानतो असं आहे. श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही, कोणतंही क्रियाकर्म ब्राह्मणाकडून करवून घेणार नाही, सगळी माणसं समान मानेन, दारू पिणार नाही. आणि एकोणिसावीत हिंदू धर्माचा त्याग. म्हणजे दार एकीकडे उघडतं तेव्हाच दुसरीकडे बंद होतं, आणि ते बंद व्हावं म्हणूनच ती रचना आहे. तुम्ही दर रविवारी विहारात जाऊन ध्यानाला बसलात पण गणपतीही आणलात तर ती प्रतिज्ञा मोडली. विपश्यनेत असं काही मोडत नाही.

आणि हे नुसतं देव कोणते मानायचे एवढ्यापुरतं नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या जाण्यानंतर १९५७ मध्ये आला, त्यात सिद्धार्थाने घर सोडलं ते म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून नव्हे तर शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणात युद्धाला विरोध केला म्हणून, असं मांडलंय. हे वाचून नवा वाचक चमकतोच. पण यातूनच कळतं की दुःख कुठे शोधायचं याचं उत्तर बदललंय. गोयंकांच्या संध्याकाळच्या प्रवचनांत दुःखाचं मूळ आपल्या तृष्णेत आणि साठत आलेल्या संस्कारांत (म्हणजे जुन्या प्रतिक्रियांचे मनावर उमटलेले ठसे) आहे, त्यात मागच्या जन्मांचंही येतं. बाबासाहेबांना मागच्या जन्माच्या कर्माने आजची गरिबी आणि जात समजावून सांगणं अजिबात मान्य नव्हतं, त्यांच्यासाठी दुःख माणसामाणसाच्या नात्यात, समाजाच्या रचनेतही आहे. आंबेडकरी घरातले काही जण विपश्यनेकडे थोडं संशयाने बघतात ते यामुळे, की बाबा, अन्याय बाहेर होतोय आणि तुम्ही मला माझ्या आतच बघायला सांगताय. हा आक्षेप वरवरचा नाही. तसंच, आत बघायला शिकलेला माणूस अन्यायाविरुद्ध उभा राहत नाही हेही काही सिद्ध झालेलं नाही, कितीतरी आंबेडकरी कार्यकर्ते नेमाने शिबिरांना जातात.

मला विचाराल तर दोन्हींतला फरक ओळखायची सोपी खूण म्हणजे बारसं, लग्न आणि मयत. या तीन दिवशी घरात काय करायचं याचं उत्तर जो देतो तो धर्म. बौद्ध लग्नात पांढरे कपडे, टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, अगरबत्ती, बौद्धाचार्य, म्हणजे विधी करणारे, त्रिशरण-पंचशील म्हणून घेतात, वधूवर एकमेकांना प्रतिज्ञा देतात, हार घालतात, झालं. कोणी गेलं की पुण्यानुमोदन आणि जलदान विधी. भाऊबंद जमतात, सोबत उभे राहतात. विपश्यनेकडे या दिवसांसाठी काहीच नाही आणि ती तसा दावाही करत नाही. वडील गेल्यावर विपश्यना तुम्हाला रडू कसं बघायचं ते शिकवेल, पण दहाव्याचं काय करायचं हे चुलत्याला तुम्हालाच सांगावं लागेल.

कागदावरही फरक आहे. शिबिराची नोंद कुठेच धर्म म्हणून होत नाही. दीक्षा घेतली की जनगणनेत, शाळेच्या दाखल्यात, राजपत्रात धर्म बदलायचा विषय येतो. २०११ च्या जनगणनेत देशात ८४ लाखांच्या वर बौद्ध होते आणि त्यातले ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे इथे हा धर्म म्हणजे शेजारपाजार आहे, नुसती पुस्तकातली गोष्ट नाही. धर्म बदलला की अनुसूचित जातीच्या सवलती जातात ही भीती अजूनही काही जण घालतात, तर १९९० मध्ये केंद्राने कायदा दुरुस्त करून बौद्धांना त्यात घेतलंय. लग्नाला हिंदू विवाह कायदाच लागू होतो, तो बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू आहे.

मग ठरवायचं कसं? माझ्या मते साधना आणि धर्म यांना एकच परीक्षा लावली की फसगत होते. साधना करूनच कळते. तिच्यावर कितीही वाचा, व्हिडिओ बघा, काही उपयोग नाही, दहा दिवस बसा आणि नंतर वर्षभर घरी सकाळ-संध्याकाळ बसून बघा की बायकोवर किंवा नवऱ्यावर ओरडणं कमी झालं का, झोप सुधारली का. नाही झालं तर सोडा, कोणाचं काही देणं लागत नाही. शिबिरातून आल्या आल्या पहिल्या आठवड्यात जे तरंगल्यासारखं वाटतं ना, त्याच्या भरात मोठे निर्णय मात्र घेऊ नका. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर नोकरी सोडायची घोषणा करणारे कमी नसतात.

धर्म असा चाखून ठरत नाही, तो तपासावा लागतो, आणि कसा तपासायचा याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि दीक्षा घेतली १९५६ मध्ये. मध्ये एकवीस वर्षं. या काळात त्यांनी शीख धर्माचा इतका गंभीर विचार केला की माणसं अमृतसरला पाठवली. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या मासिकात त्यांनी कसोट्याच लिहून ठेवल्या. धर्म म्हणजे नीती, ती समाजाला धरून ठेवणारी हवी. तो बुद्धीला, विज्ञानाला पटणारा हवा. त्यात स्वातंत्र्य, समता, बंधुता हवी. आणि त्याने गरिबीला पवित्र ठरवता कामा नये. बघा, यात 'मला कसं वाटतं', 'मनःशांती मिळते का' हा प्रश्नच नाही. तुम्ही त्यांच्या उत्तराशी सहमत नसाल, तुम्हाला याच कसोट्या लावून वारकरी पंथ किंवा ख्रिस्ती धर्म किंवा कुठलाच धर्म नको असंही पटेल, पण प्रश्न लिहून काढणं आणि मग धर्म त्यांच्यासमोर उभा करणं ही रीत उचलण्यासारखी आहे. आपण उलटं करतो, आधी एखाद्या महाराजांवर किंवा ग्रुपवर जीव जडतो आणि मग कारणं जमवत बसतो.

म्हणून कोणी मला म्हणालं की मन थाऱ्यावर नाही, रात्री दोनला जाग येते, तर मी त्याला धर्म बदलायला सांगणार नाही, शिबिराचा अर्ज भर म्हणेन (आणि आधी डॉक्टरला दाखव). आणि कोणी म्हणालं की मला ज्या चौकटीत जन्माला घातलं तिच्यात माझ्या मुलांना वाढवायचं नाही, तर त्याला श्वास बघत बस असं सांगणं म्हणजे त्याचा प्रश्नच न ऐकणं. त्याने जवळच्या विहारात काही महिने जावं, भंतेंशी, बौद्धाचार्यांशी बोलावं, मग एका संध्याकाळी घरच्यांना बसवून बावीस प्रतिज्ञा मोठ्याने वाचाव्यात, एकट्याने नाही, आईसमोर. माझ्या ओळखीत ज्यांनी हे केलं त्यांचं पहिल्या तीनवर फारसं अडलं नाही, गणपतीवर थोडं अडलं मुलांमुळे. खरी गाडी अडली ती सहावीवर, श्राद्धाच्या. आई म्हणाली, म्हणजे माझ्या मागे तू काहीच करणार नाहीस? त्या प्रश्नाला घरात नीट उत्तर देता आलं त्यांनी पुढे दीक्षा घेतली, बाकीचे अजून विहारात येतात, मागे बसतात, वंदना म्हणतात आणि घरी जातात, आणि त्यांना कोणी घाई करत नाही.